दूधवाल्यासाठी एक ओंजळ

आक्का,

तुम्ही गेल्याची बातमी दोन्ही वर्तमानपत्रांत आली. मी दोन्ही वाचल्या, तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे, शेजारी शेजारी ठेवून. पांडेजी ज्याला बातम्या पाठवतात त्या हिंदी पत्रात तुम्ही राष्ट्रभाषेच्या अनन्य सेविका झाला आहात. मराठी असूनही हिंदीला वाहून घेतलंत, असं आहे. तात्यांनी मुंबईच्या मराठी पत्राला पाठवलेल्या बातमीत तुम्ही माळव्यात मराठीची ज्योत तेवत ठेवलीत आणि अखेरच्या क्षणापर्यंत संयुक्त महाराष्ट्राचा ध्यास घेतलात. अखेरच्या क्षणी तुमच्याजवळ मी होते. तुम्ही खिडकी लाव म्हणालात, मग उघड म्हणालात, आणि शेजारच्या बकरीनं तुळस खाल्ली का ते विचारलंत. महाराष्ट्राचा विषय निघाला नाही. हिंदीचाही नाही.

मला हसू आलं, आणि ते हसू रडण्यात कधी गेलं ते कळलं नाही. हे बाहेर उभे होते, त्यांना वाटलं मला ठसका लागला.

तेरावा अजून व्हायचा आहे. इथल्या मराठी मंडळाचा अंक छापायला जायच्या आत तुमच्यावर काही यायला हवं म्हणून तात्या घरी आले. "तूच लिही. शेवटी तूच होतीस त्यांच्याजवळ," म्हणाले.

"तात्या, माझी चौथी झालेली. मला लिहिता कुठं येतं?"

"सुचेल तसं लिही गं. मी नीट करून घेतो."

आक्का, मला लिहिण्याची एवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या 'नीट करून घेतो'ची वाटली. तुम्ही असतात तर तिथंच म्हणाला असतात, "तात्या, तू घड्याळं नीट कर." त्यांचं फ्रीगंजात घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि मुंबईला बातम्या पाठवणं हे वरकाम, पण गावाला ते ठाऊक आहेत वरकामामुळेच.

तुमचा जन्म कुठला, शाळेत किती वर्षं शिकवलंत, हे मी लिहीत नाही. ते तात्यांना पाठ आहे. मला जे ठाऊक आहे ते लिहिते. हे म्हणाले, "लिही, पण माझं नाव तेवढं घालू नकोस. एकदा छापून आलंय ते पुरे." तेव्हा यांचं नाव नाही. एरवीही मी कुठं घेते?

देवरुखच्या पलीकडचं आमचं खेडं. लग्न होऊन मी तिथून थेट उज्जैनच्या रेल्वे क्वार्टरात आले. सगळ्याची धास्ती. इथल्या थंडीची, गव्हाच्या पिठाची, बाजारात 'क्या चइये' म्हणून अंगावर येणाऱ्या भाजीवाल्यांची. यांची ड्यूटी मालधक्क्यावर. हे गेले की मी आतून कडी लावून दाराला पाटा टेकवून बसायची. एका दुपारी शेजारच्या कुसुमताईंनी मला हाताला धरून तुमच्या व्हरांड्यात आणून बसवलं. चारपाच बायका होत्या, कोणी तांदूळ निवडतंय, कोणी लोकर गुंडाळतंय, आणि मध्ये तुम्ही, चष्म्यावरून बघत.

"वाचता येतं?"

"चौथी झाल्ये."

"इयत्ता नाही विचारली मी. वाचता येतं का?"

 तुम्ही पेपर माझ्या हातात दिलात. "चल, शुरू कर. अटकली तर मी आहे ना."

आक्का, या गावात मी राहिले ती त्या वाक्यावर. माहेरी मला कोणी म्हणालं नव्हतं की तू अडलीस तर मी आहे. अडलीस तर सोड, असं म्हणाले होते. म्हणून तर शाळा सुटली.

तुमची वाचायची तऱ्हा मला आधी फार विचित्र वाटली. हिंदी पत्र सकाळी यायचं. मराठी पत्र मुंबईहून यायला दोन दिवस, कधी तीन. तोवर तुम्ही हिंदी पत्र नुसतं घडी करून ठेवायचात. "दोघं एका पंगतीला बसल्याशिवाय वाढायचं नाही," म्हणायचात. मग एकच बातमी आधी याच्यातली, मग त्याच्यातली. एका मंत्र्याचं भाषण एकीकडे टाळ्यांच्या कडकडाटात झालं होतं आणि दुसरीकडे श्रोत्यांत चुळबुळ होती. कुसुमताईंनी विचारलं, "एकाच मांडवात?"

"टाळ्या पडल्या असतील आणि चुळबुळही झाली असेल," तुम्ही म्हणालात. "मांडवात डास काय कमी असतात?"

तुमचे वडील दरबारच्या कचेरीत होते. घरी गॅझेट यायचं आणि त्यात बातमी एकच, सरकारांची तब्येत ठीक. "ठीक नसली तरी ठीक," तुम्ही सांगायचात. "स्वराज्य आलं तेव्हा मला वाटलं, आता सगळं छापून येईल. आलं ना. पण जो तो आपल्या घरचंच छापून राहिला."

आता हेही लिहिते, रागावू नका. त्या दरबारबद्दल मात्र तुम्हाला वावगा शब्द चालत नसे. संस्थानच्या जुन्या अधिकाऱ्यांनी रयतेला कसं नाडलं यावर एकदा मोठं काहीतरी आलं होतं. मी वाचायला लागले तर तुम्ही पेपर काढून घेतलात. "हे नको. या लिहिणाऱ्याला काय मालूम?"

मी म्हटलं, "मग दुसरं पत्र येईपर्यंत थांबायचं का, आक्का?"

"याला दुसरं पत्र नाही."

सगळ्या बायका हसल्या. तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच ते पान काढून म्हणालात, "वाच. अर्धं तरी खरं असेल." अर्ध्याहून जास्त खरं आहे असं तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. तो वाद आपला तसाच राहिला.

मग प्रांतांची उलटापालट सुरू झाली. आमचं मध्यभारत राज्य मोडणार, राजधानी भोपाळला जाणार, कचेऱ्या कुठे जाणार, कोणाची बदली कुठे होणार. मराठी घरांत दुसरा विषय नाही. बाजारातसुद्धा लोक विचारायचे, "क्यों बाई, तुम लोग अब महाराष्ट्र जाओगे?" जणू महाराष्ट्र स्टेशनवर येऊन आम्हाला न्यायला उभा राहणार होता. तेवढ्यात मुंबईत गोळीबार झाला. मराठी पत्रात मेलेल्यांची नावं आली, काळ्या चौकटीत. हिंदी पत्रात ते 'उपद्रवी' होते. हे रेल्वेच्या क्लबातून मुंबईचं इंग्रजी पत्र घेऊन आले; ते तुम्ही वाचलंत. त्यात 'गुंड' होते. पण त्याच पत्रात कोपऱ्यात दोन ओळी होत्या: जमावाच्या दगडानं एक दूधवाला मेला. नाव नाही, गाव नाही. मराठी पत्रात तेवढंही नव्हतं. तुम्ही मला सगळा अंक पुन्हा चाळायला लावलात. नव्हतंच.

तिलांजलीची कल्पना कुसुमताईंची. "लोक कुठून कुठून क्षिप्रेवर आपल्या माणसांचं करायला येतात. आपण इथं बसून पाणीसुद्धा द्यायचं नाही का?" तुम्हाला पटलं. अडचण एवढीच, की तर्पण बायका करत नाहीत आणि ज्याचे वडील हयात आहेत तो पुरुषही करत नाही. तात्यांचे वडील तर रोज सकाळी गोपाळ मंदिरापर्यंत फिरून येणारे. आमचे सासरे वारलेले, आणि येत्या अमावास्येला हे त्यांच्या तर्पणासाठी रामघाटावर जाणारच होते.

"मग झालं तर," तुम्ही यांना म्हणालात. "वडिलांचं झालं की त्याच पाण्यात उभं राहून यांचंही करा."

मी विचारलं, "आक्का, यांची सरकारी नोकरी. काही होणार नाही ना?"

"पाणी सोडायला कोण मना करतंय?"

अमावास्येमुळे घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यांतून गाड्या जुंपून लोक स्नानाला आलेले. आपण होतो तीसपस्तीस जण, दोन पायऱ्यांवर मावणारे. हे ओल्या धोतरात, बोटात दर्भ, हातात तीळ. पंडाजींनी यांनाच पुढे उभं केलं, कारण पाणी सोडणारे तेच. बाकी सगळे मागे. तात्या त्याहून मागे, कोट भिजू नये म्हणून.

"नाम बोलो, गोत्र बोलो," पंडाजी म्हणाले.

तुम्ही चौकटीतली नावं वाचत गेलात. गोत्रं कोणाला ठाऊक? "नहीं मालूम? तो काश्यप बोलो, सब चलता है." एकेक ओंजळ सुटत गेली. कुसुमताई रडत होत्या. मीही. नावं संपली, पंडाजी आवरायला लागले, आणि तुम्ही म्हणालात, "पंडाजी, एक और है. नाम नहीं मालूम. दूधवाला था."

"दूधवाले को पानी?" पंडाजी म्हणाले. "बाई, उसने तो उमर भर दूध में डाला होगा!"

पलीकडे स्नान करणारे खेडूत खो खो हसले. तुम्हीही हसलात. तात्या नाही हसले. "कोण दूधवाला, आक्का?"

"मुंबईचा. दगड लागून मेला तो."

"तो आपल्यातला नाही."

"आपल्यातला नाही म्हणूनच तर दगड लागला."

"उद्या म्हणाल, गोळी घालणाऱ्यालाही पाणी सोडा."

"तो कुठं मेलाय अजून? मेला की सांग, त्यालाही सोडू."

दोन कुटुंबं तिथूनच पायऱ्या चढून निघून गेली. कुसुमताई अर्ध्या पायरीवर, इकडे येऊ की तिकडे जाऊ. थंडीनं यांचे दात वाजत होते. जोडलेल्या हातांतून पाणी ठिबकत होतं. "आक्का," हे म्हणाले, "काय ते लवकर सांगा, पाणी गळतंय."

"सोडा," तुम्ही म्हणालात. यांनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी हिंदी पत्रात मथळा होता, 'रामघाट पर मराठीभाषियों का प्रदर्शन, मालवा के विभाजन की माँग'. खाली, काही रेल्वे कर्मचारीही सामील होते. मी यांच्या नोकरीचं काढलं. तुम्ही म्हणालात, "थांब, दुसरं येऊ दे." दुसरं आलं. 'क्षिप्रातीर दुमदुमला! हजारोंच्या जनसमुदायाची हुतात्म्यांना मानवंदना.' अमावास्येच्या स्नानाला आलेली सगळी खेडी तात्यांनी आपल्यात धरली होती, बैलांसकट. आणि पुढे 'रेल्वेचे तरुण कर्मचारी श्री. अमुक यांच्या झुंजार नेतृत्वाखाली'. अमुक म्हणजे हे. नाव, आडनाव, सगळं. वडील वारलेले म्हणून जो पुढे उभा राहिला तो पुढारी झाला. दूधवाला दोन्हीकडे नव्हता.

विरुद्ध बाजूच्या पत्रानं नुसतं 'कर्मचारी' म्हटलं होतं. नाव दिलं ते आपल्या पत्रानं, कौतुकानं. तेच कात्रण जोडून रतलामच्या रेल्वे कचेरीतून कागद आला: सरकारी नोकर असून राजकीय सभेचं नेतृत्व का केलंत, खुलासा करा. यांचं जेवण सुटलं. नोकरी गेली तर क्वार्टर गेलं, आणि गावी सासूबाई आणि दोन नणंदा याच पगारावर. मी तो कागद घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही चपला घातल्यात आणि म्हणालात, "चल."

आधी पांडेजींकडे. स्टेशनसमोरचं त्यांचं औषधांचं दुकान. बाटल्यांच्या मागून त्यांनी हात जोडले.

"बहनजी, आपने ही तो कहा था कि लोग जमा हुए."

"जमा हुए कहा था. मालवा तोड़ने जमा हुए, ये किसने कहा?"

"वो शीर्षक तो ऊपरवाले लगाते हैं. मैंने तो सभा लिखा था."

"सभा भी कहाँ थी? तर्पण था. पंडे से पूछा आपने?"

"लो! समाचार में पंडे से कौन पूछता है?"

पण माणूस वाईट नाही, आक्का, हे तुम्ही कधी मानलं नाहीत. ते म्हणाले, लिहून द्या, छापून आणतो. आणि आणलं. कसं, ते पुढे.

मग तात्यांकडे. डोळ्याला भिंग लावून ते एका घड्याळात वाकले होते. तुम्ही सांगितलंत, हजारो नव्हते आणि सभा नव्हती, असं तूच कळव. तात्यांनी भिंग काढलं. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला अजून ऐकू येतं.

"आक्का, हजारो नव्हते हे मला कळत नाही का? पण मोठी पत्रं कोणाच्या पैशावर चालतात ते बघा. आपली पोरं मेली आणि ती त्यांना गुंड म्हणतात. तिकडचं पारडं जमिनीला टेकलंय. आणि इकडे मी मोजूनमापून लिहू, तीसपस्तीस माणसं आली, पाणी सोडलं, घरी गेली? कोण छापेल? दुसऱ्या पारड्यात कोणीतरी वजन टाकायला नको?"

मला ते पटलं होतं, आक्का. तेव्हा बोलले नाही. आजही बरंचसं पटतं.

 तुम्ही भिंतीवरची घड्याळं बघितलीत, प्रत्येकाची वेळ वेगळी. मग म्हणालात, "टाक ना वजन. पण त्या पारड्यात तू हिच्या नवऱ्याला बसवलंयस."

"मान वाढवला मी त्याचा!"

"तो मान घेऊन रतलामला गेला की साहेबाच्या टेबलावर काय ठेवील?"

तात्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "मी मागे घेणार नाही. आपलीच माणसं म्हणतील, भ्याला."

म्हणून खुलासा तुम्ही लिहिलात, दोन्ही पत्रांना, तुमच्या सहीनं. मराठीची नक्कल मला करायला बसवलंत. गर्दी अमावास्येची होती; घोषणा नव्हत्या, भाषण नव्हतं; जे पुढे उभे होते ते वडिलांच्या तर्पणासाठी आले होते. इथवर माझं अक्षर बरं आलं. पुढची ओळ होती, 'याच वेळी दगड लागून मृत्यू पावलेल्या एका अनाम दूधवाल्यासही तिलांजली देण्यात आली.' माझा टाक थांबला.

"आक्का, ही ओळ कशाला?"

"झालं ना तसं?"

"झालं. पण आमच्या कामाला तिची गरज नाही. आणि आपली माणसं आधीच बिथरलीत."

"तात्यानं मग काय वेगळं केलं? त्याच्या कामाला नको होतं ते त्यानं गाळलं. तू तुझ्या कामाला नको ते गाळ."

"आम्ही त्यात कोणाचं वाईट करत नाही."

"तोही हेच सांगतो."

मी लिहिली ती ओळ. मनात मात्र म्हटलं, नोकरी आमची जातेय आणि आक्कांना हट्ट सुचतोय.

मुंबईच्या पत्रानं खुलासा छापलाच नाही. पांडेजींच्या पत्रानं छापला, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, बारीक टाइपात, पण अक्षरशः पुरा. फक्त वरती मथळा नवा होता: 'मराठी शिक्षिका ने माना, दूधवाला भीड़ के हाथों मरा'. तुमच्या दहा ओळींतली तेवढी एक ओळ त्यांनी उचलली आणि डोक्यावर ठेवली. तुम्ही पेपर वाचलात आणि घडी न करता खाली टाकलात. मी तुम्हाला तसं करताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "ऊपरवाले लगाते हैं," एवढंच म्हणालात.

तेच कात्रण घेऊन तुम्ही यांच्याबरोबर रतलामला गेलात. साहेबानं वडिलांच्या तर्पणापर्यंत वाचलं, तुमच्याकडे एकदा पाहिलं, म्हणाला, "ठीक है, आगे से ध्यान रखिए," आणि प्रकरण बंद केलं. मथळ्याकडे त्यानं पाहिलं नाही, आणि दूधवाल्याच्या ओळीपर्यंत तो पोचलाच नाही. हे घरी येऊन पाटावर बसले आणि लहान मुलासारखे जेवले.

रतलामला जी ओळ कोणी वाचली नाही ती उज्जैनमध्ये सगळ्यांनी वाचली. कोणी म्हणालं फितूर, कोणी म्हणालं हिंदीवाल्यांनी विकत घेतली. पोरंसोरं तुमच्यामागून 'दूधवाली आक्का' म्हणून ओरडायची. व्हरांड्यातल्या बायका एकेक करून आटल्या. कोणाच्या मुलाला ताप, कोणाचे पापड. कुसुमताई यायच्या, पण मागच्या दारानं. मंडळाच्या गणपतीत पहिल्या दिवशी दरवर्षी तुम्ही बोलायचात, त्या वर्षी तुम्हाला कोणी विचारलं नाही. तुम्ही त्या संध्याकाळी नेसून तयार बसला होता. मी पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, उगाच, जरा कपाट आवरत होते, म्हणून हे लुगडं निघालं.

आणि वाचन चालूच. ऐकायला मी एकटी, तरी आवाज तेवढाच, सगळ्या बायकांना पुरेल असा. मी म्हटलं, "आक्का, हळू वाचलं तरी मला ऐकू येतं." तुम्ही म्हणालात, "मला येत नाही."

तुमच्यामाझ्यात या ओळीवरून किती वेळा झालं! मी म्हणायची, तुमच्या खरेपणाचा त्यांनी दगड केला आणि आपल्यालाच मारला. तुम्ही म्हणायचात, म्हणून काय खरं बोलताना आधी मथळा कोण लावणार ते बघायचं? मी म्हणायची, हो, बघायचं. तुम्ही म्हणायचात, मग तू तात्याच्या दुकानात बस. मी रागानं उठायची, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा यायची. गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर एकदा आपणहून म्हणालात, "ती ओळ शेवटी न घालता मध्ये घातली असती तर मथळ्याला सापडली नसती का गं?" मला कळलं, तुम्हीही ती सोडली नव्हती, रोज आतल्या आत फिरवत होता.  तेव्हा म्हणायला हवं होतं, की आक्का, तुम्ही चुकलात असं मला वाटतं, आणि तुमच्यामुळे आमच्या घरात चूल पेटते. दोन्ही एका दमात म्हणता येईल असं मला वाटलं नाही. एक म्हटलं की दुसरं खोटं पडेल अशी भीती. म्हणून औषध दिलं आणि चादर सारखी केली.

हे सगळं लिहून काल तात्यांच्या हातात दिलं. ते खुर्चीत बसून वाचत होते आणि मी आत चहा टाकून दाराआड उभी.  पुन्हा छापणं, पुन्हा यांची नोकरी, पुन्हा लोक. तात्यांनी चष्मा काढला.

"हे दूधवाल्याचं कशाला उकरलंस? लोक विसरले. माणूस गेलं, आता नाव तरी चांगलं राहू दे त्यांचं. तेवढं मी काढतो."

"मग सगळंच परत द्या," मी म्हटलं. म्हटलं आणि मलाच दचकायला झालं. तात्यांच्या तोंडावर मी आजवर 'चहा घ्या' याच्यापलीकडे काही बोलले नव्हते.

"अगं, यात मी खोटारडा दिसतो."

"तुमचं पारड्याचं बोलणं पुरं घातलंय, तात्या. मला ते पटलं, तेही घातलंय."

त्यांनी ते पान काढून पुन्हा वाचलं. ओठ हलवत. "हे बरोबर घेतलंस," म्हणाले. "पण बैल कशाला?"

"होते ना बैल."

त्यांच्या मिशा जराशा हलल्या. चहा गार झाला तरी ते बसून होते. मग म्हणाले, "ठीक आहे. एक अक्षर काढत नाही. पण याच्या खाली मी लिहिणार. मला जे म्हणायचंय ते, माझ्या नावानं. तू त्यात बोट घालायचं नाहीस."

"नाही घालणार."

"हेही लिहीन, की त्यानंतर आक्का माझ्या घरी पाणी प्यायलासुद्धा आल्या नाहीत. माझी आई गेली तेव्हा दारापर्यंत आल्या आणि दारातूनच परत गेल्या. मी आत वाट बघत होतो."

हे मला ठाऊक नव्हतं, आक्का. तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मी तात्यांना म्हटलं, "लिहा. ते यायलाच हवं." ते उठले, कागद छातीशी धरून जिन्यापर्यंत गेले, आणि तिथं थांबून त्यांनी डोळे पुसले. तात्या हे लिहू नको म्हणाले नाहीत, म्हणून लिहिते.

तर माझं एवढंच. आता खाली तात्या बोलतील. त्यांना पुरं बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका. नाहीतर घाला. एकदा घातलंत तर मला फार बरं वाटेल.